पट्टीखालचं बटण

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका फिलिपिनो बाईनं परवा मला विचारलं, तू गाडी सुरू करायच्या आधी कुठल्या देवाची प्रार्थना करतेस? मी म्हटलं, कुठल्याच नाही, मागची काच तापवायचं बटण शोधतेय. ती हसली, पण तिला ते पटलं नाही. पटणार कसं? डोळे मिटून, ओठ हलवत, बोटांनी चाचपडत बसलेली बाई दुसरं काय करत असणार? हे खूळ माझं नाही. ते मला एका माणसानं लावलं, आणि त्या माणसाचा उलगडा मला कितीतरी महिने झाला नव्हता. आजही पूर्ण झालाय असं छातीठोकपणे नाही सांगता येणार.

विनिपेगला मी त्यांच्या बेसमेंटमध्ये दोन वर्षं भाड्यानं राहिले. त्यांना सगळे काकाच म्हणत. बुटका, सडसडीत माणूस, घरातसुद्धा कानटोपी. शर्टाच्या खिशात बॉलपेन आणि जखमेवर लावायच्या पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ. मूळचे नगरकडचे. इथं बस बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं वायरिंगचं काम केलं होतं. तीस वर्षं वायरींना डाग द्यायच्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, धुरात वाकून बसल्यामुळे त्यांचं नाक पार गेलं होतं. त्यांना वास कसला तो यायचाच नाही. दूध करपून घरभर धूर झाला तरी काका शेजारी बसून मोबाइलवर बातम्या वाचत. मी खाली बांगडे तळले की काकू पदर नाकाला लावून जिन्यावर येत, आणि त्यांच्या मागून काका विचारत, 'आज काही केलंस की नाही, की उपाशीच?'

त्यांची गाडी होती दहा-बारा वर्षांची, राखाडी रंगाची. त्या गाडीतल्या प्रत्येक बटणाखाली, प्रत्येक दांडीवर चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्यावर बॉलपेननं मराठीत नाव. 'पुढची काच'. 'मागची काच'. 'चारी दिवे - फक्त संकटात'. गाडीच्या सीटला ऊब आणणाऱ्या बटणाखाली लिहिलं होतं, 'बूड गरम'. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खोखो हसले. काका गंभीरपणे म्हणाले, 'हसू नकोस. पुढच्या काचेचं म्हणून हेच दाबशील, मग बूड गरम आणि काच गार.'

फक्त एका बटणाखाली नाव नव्हतं. त्या बटणावरच पट्टी होती. एकावर एक तीन-चार थर, अगदी पक्की. मी विचारलं, 'काका, हे कसलं?'

'ते नाहीये.'

'नाहीये म्हणजे? हे काय आहे इथं.'

'आपल्या गाडीत ते नाही,' काका म्हणाले, आणि खाली उतरून सायलेन्सरच्या नळीत बर्फ अडकलाय का ते बघायला गेले. ते त्यांचं नेहमीचं होतं. उत्तर द्यायचं नसलं की ते सायलेन्सरची नळी बघायला जात.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणू, रोज सकाळी साडेदहाला असायची. काकू एका शाळेत मुलांच्या डब्याच्या वेळी देखरेख करायच्या कामाला जात. रोज दोन तास. सव्वादहाला काका बाहेर जाऊन गाडीवरचा बर्फ झाडत. नुसत्या काचेवरचा नाही, टपावरचासुद्धा. म्हणत, 'टपावरचा राहिला तर ब्रेक मारल्यावर तो सगळा पुढच्या काचेवर येतो.' मग इंजिन सुरू करत. मग शेजारच्या सीटचं 'बूड गरम' लावत. दहा मिनिटांनी काकू दार उघडून बाहेर येत, बर्फाचे बूट घातलेले, स्वेटरवर कोट, कोटावर शाल. गाडीच्या बाजूनं जाताना म्हणत, 'येते हं.' आणि चालत बसस्टॉपला जात.

उणे अठ्ठावीस. शेजारी तापलेली गाडी. आणि बाई बसस्टॉपला.

बस आली की काका बसच्या मागून गाडी घेऊन जात. रिकामी सीट गरम ठेवून. काकू शाळेच्या दारातून आत शिरल्या की परत येत. दुपारी पुन्हा तेच. एकदा मी म्हटलं, मला कॉलेजला सोडता का वाटेत? 'ये की,' म्हणाले, 'मागे बस.' पुढची सीट मोकळी होती, तापलेली होती, मी कुडकुडत होते, तरी मागे. पुढे बस चाललेली, बसच्या मागच्या काचेतून काकूंची शाल दिसत होती. काका म्हणाले, 'तिची ती बस आहे ना, तिची वायरिंग माझ्याच हातची असेल.' त्यांच्या आवाजात अभिमान होता की दुसरं काही, मला कळलं नाही.

भांडण म्हणावं तर भांडणही नाही. संध्याकाळी दोघं एका ताटात पोहे खात. काका तिच्या कपात साखर ढवळून देत. तरी पाच वर्षं काकू त्या गाडीत बसलेल्या नव्हत्या, आणि त्या बसाव्यात यापलीकडे काकांना आयुष्यात काही नको होतं. हे सांगायला कुणी लागत नव्हतं. ती तापलेली सीटच सांगत होती. का बसत नाहीत, ते मात्र कुणी सांगेना. इथल्या मराठी मंडळाच्या एक बाई म्हणाल्या, काका गाडी फार जोरात हाणतात म्हणून. काका! ज्यांच्या मागे सायकलवालासुद्धा वैतागतो. दुसऱ्या एकीनं सांगितलं, काकूंचा नवस आहे. कसला नवस, गाडीत न बसायचा? मी डोकं खाजवायचं सोडून दिलं.

माझी शिकवणी सुरू झाली ती गरजेपोटी. मला विनिपेगबाहेर चाळीस मिनिटांवर एका वृद्धाश्रमात नोकरी मिळत होती. पीआरच्या, म्हणजे इथं कायम राहायच्या परवान्याच्या दृष्टीनं सोन्यासारखी. पण तिकडे बस जात नाही, आणि लायसन नाही तर नोकरी नाही. माझं सांगलीचं लायसन इथं चालेनासं झालं होतं, रोड टेस्ट द्यायला हवी होती. काका म्हणाले, 'मी शिकवतो. पण माझ्या पद्धतीनं.'

मला वाटलं, सांगलीच्या गणपतीपेठेत मामाची मारुती काढलेली आहे मी, मला काय शिकवणार? कप्पाळ माझं. तीन आठवडे त्या माणसानं गाडी सुरूच करू दिली नाही. ड्राइव्ह-वेमध्ये उभ्या गाडीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि ते सांगतील ते बोटानं शोधायचं.

'पुढची काच.'

बोट लावलं.

'हे बूड. पुन्हा.'

'काका, मला डोळे आहेत हो.'

'डोळे रस्त्यावर पाहिजेत. बटण शोधायला खाली बघितलंस तर तेवढा वेळ गाडी कोण चालवतंय? हात आपणहून गेला पाहिजे.'

मग आरसे. मग कोटाची बटणं सोडून पट्टा आतून घ्यायचा. 'जाड कोटावरून पट्टा घेतलास तर पट्टा कोटाला धरेल, तुला नाही.' मग पायाखालचं रबरी मॅट ब्रेकखाली सरकतंय का ते बघायचं. मी रोज चिडायची. एकदा म्हटलंसुद्धा, 'काका, या गतीनं मी वृद्धाश्रमात कामाला नाही, राहायलाच जाईन.' ते हसले नाहीत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, दिवसातून चारदा यायचं: 'दाबायला सगळ्यांना येतं. सोडायचं लक्षात राहिलं पाहिजे.'

गाडी चालायला लागली तेव्हा माझं पाप उघडं पडलं. आपल्याकडे इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, वाइपरची डाव्या. इथं बरोबर उलटं. त्यामुळे मी वळले की वाइपर. कोरडी खणखणीत काच, वर लख्ख ऊन, आणि वाइपर खरडतायत. भारतातून आलेला प्रत्येकजण हे करतो, पण मी इतकं केलं की काका म्हणाले, 'तू वळलीस की पाऊस पडतो.' जानेवारीच्या टेस्टमध्येही तेच झालं. डावीकडे वळायचं होतं, वाइपर सुरू झाले, ते बंद करताना काचेवर पाणी उडालं, ते तिथंच गोठलं. परीक्षक शांतपणे म्हणाला, 'इट्स नॉट रेनिंग, मॅम.' नापास.

बाहेर काका थांबले होते. त्यांनी एका बंद दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी न्यायला सांगितली. मी इंजिन बंद केलं आणि रडले. नोकरी हातची जाणार म्हणून रडले, आणि रडता रडता त्या पट्टीवर राग काढला. नखानं खरवडत म्हटलं, 'सगळं शिकवलंत, हे का नाही?'

काकांनी माझं बोट पट्टीवरून बाजूला केलं. मग म्हणाले, 'ते आतली हवा आतच फिरवायचं बटण आहे.'

आणि मग त्यांनी सांगितलं. पाच वर्षांपूर्वीची संक्रांत. एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं, तिथून काका काकूंना आणि आणखी दोघींना घेऊन घरी येत होते. दुपारची वेळ. चार माणसं, बर्फानं ओले बूट, ओल्या शाली. पुढे एक ट्रक काळा धूर सोडत चाललेला. 'वास आत यायला लागला म्हणून मी ते बटण दाबलं. आपल्याकडची सवय. तिकडे धूळ असते, धूर असतो, आपण बारा महिने ते दाबूनच ठेवतो. आणि सोडायचं विसरलो. इथल्या थंडीत आतली ओली हवा आतच फिरली की काच धुरकटते. बघता बघता सगळी पांढरी झाली. मी हातमोज्यानं पुसली, तर पुसलेलं गोठलं. समोरचं काही दिसेना.' गाडी दुभाजकाच्या बर्फात घुसली. मागच्या दोघींना काही झालं नाही. काकूंचं उजवं मनगट मोडलं. तिळगुळाचा डबा फुटून सगळा तिळगूळ गाडीभर. 'अजून तीळ सापडतात,' काका म्हणाले. 'माझी चूक. म्हणून ती बसत नाही. बरोबरच आहे तिचं.'

मला त्यांची फार दया आली. आणि काकूंचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? एका चुकीसाठी पाच वर्षं? माणसानं रोज सीट तापवावी आणि बाईनं रोज 'येते हं' म्हणून पुढे जावं?

तो राग मी आठवडाभर पोटात ठेवला. मग एका रविवारी काकूंनी लोणच्याची बरणी उघडून द्यायला मला वर बोलावलं. मोडलेल्या मनगटाला पीळ बसत नसे, त्यामुळे घरातल्या सगळ्या बरण्या मीच उघडायची. झाकण फिरवता फिरवता मी म्हटलं, 'काकू, एक बोलू? काकांनी मला सगळं सांगितलंय. झाली चूक त्यांच्या हातून. आता किती दिवस धरून बसायचं?'

काकूंनी बरणी माझ्या हातातून घेतली आणि ओट्यावर ठेवली. 'काय सांगितलं त्यांनी?'

'हेच की ट्रकच्या धुराचा वास आला म्हणून त्यांनी बटण दाबलं.'

'वास आला,' काकू म्हणाल्या. 'त्यांना.'

माझ्या डोक्यात तेव्हाही प्रकाश पडला नाही. समोर ओट्यावर काकांनी सकाळी करपवलेल्या दुधाचं काळं पातेलं भिजत पडलं होतं. त्या पातेल्याकडे बघता बघता पडला.

'मी दाबलं ते,' काकू म्हणाल्या. 'मला सहन होईना तो धूर. ते चालवत होते, त्यांना कसला वास? मी हात लांब करून दाबलं, आणि मागे वळून गप्पा मारत बसले. पोलीस आला तेव्हा हे आपले पुढे होऊन म्हणाले, मी दाबलं. इन्शुरन्सवाल्याला तेच. आमच्या मुलाला तेच. मंडळात तेच. मला बोलूच दिलं नाही.'

'मग तुम्ही का बसत नाही? चूक तुमची तर...'

'म्हणूनच,' काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. 'एकदा तरी माझ्यावर ओरडावं त्यांनी. म्हणावं की तू दाबलंस, तुझ्यामुळे झालं. ते नाही. पट्ट्या चिकटवत बसलेत त्या बटणावर. माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन बसलेत पाच वर्षं. मग मी कुठं बसू?'

मी खाली आले आणि पलंगावर बसून राहिले. इतका वेळ मला एकाच माणसाचं कोडं पडलं होतं, आता दोघांचं पडलं. तो म्हणतो मी, ती म्हणते मी. आमच्या घरी भांडणं व्हायची ती 'तू केलंस, तू केलंस' अशी. हे असलं उलटं भांडण मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते मिटवायचं कसं तेही मला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी मी पास झाले. काकांनी आदल्या दिवशी डाव्या दांडीवर लाल दोरा बांधला होता. हाताला दोरा लागला की इंडिकेटर. परीक्षकानं दोऱ्याकडे एकदा बघितलं. घरी आले तेव्हा काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. साडेदहा वाजत आले होते. बाहेर गाडी तशीच सुरू होती, शेजारची सीट गरम. काकू शाल गुंडाळत पायऱ्या उतरल्या.

'येते हं,' त्या म्हणाल्या.

आणि माझं डोकं फिरलं. आता सगळं आठवून सांगताना मला बरं वाटतंय, पण तेव्हा मी नुसती चिडले होते. मी ड्राइव्ह-वेमध्ये मधोमध उभी राहिले. म्हटलं, 'काका, तुम्हाला बांगड्याचा वास येतो?'

'काय?'

'करपलेल्या दुधाचा येतो? गॅसचा येतो? मग त्या ट्रकचा कसा आला?'

काका वळले आणि सायलेन्सरची नळी बघायला गेले. नळीत काही नव्हतं, त्यातून धूर येताना आम्हाला तिघांनाही दिसत होता. ते तिथं वाकून उभे राहिले. काकू जागच्या हलल्या नाहीत. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांची बस आली, थांबली, आणि निघून गेली.

काका परत आले. कानटोपी काढून हातात घेतली. त्यांना डोक्यावर टोपी नसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

'तू दाबलंस,' ते काकूंना म्हणाले. 'मला न विचारता दाबलंस. आणि मला समोरचं दिसेना तेव्हा तू मागे वळून उखाण्यांवर हसत होतीस. मला राग आला होता तुझा. फार आला होता.'

'मग सांगायचं होतं,' काकू म्हणाल्या.

'तुझा हात मोडला होता गं. कसं सांगणार?'

काकूंनी मान हलवली. शालीच्या टोकानं डोळे पुसले, आणि मला म्हणाल्या, 'बस गेली. आता तूच सोड मला शाळेत.' मग काकांना म्हणाल्या, 'अहो, टोपी घाला. आणि तुम्ही मागे.'

काका मागे बसले. मी चालकाच्या सीटवर. काकूंनी कोटाची बटणं सोडली, पट्टा आतून घेतला. न सांगता. म्हणजे खिडकीतून त्या आमच्या शिकवण्या ऐकत होत्या. सीट गरम होती, त्या एकदा खाली बघून म्हणाल्या, 'बूड गरम, काय लिहून ठेवलंय मेल्यानं.' आरशात बघितलं तर काका दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखे बसले होते.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि नेमका पुढे ट्रक आला. मुद्दाम आणल्यासारखा. मागच्या नळकांड्यातून काळा धूर, आणि दोन्ही बाजूंनी गाड्या, त्यामुळे मला लेन बदलता येईना. धुराचा वास आत आला. मला आला, काकूंना आला. काकूंचा हात शालीतून बाहेर आला, त्या पट्टीपर्यंत गेला आणि थांबला.

'वास येतोय का?' मागून काकांनी विचारलं.

'येतोय,' काकू म्हणाल्या.

'मग दाब की.'

काकूंनी पट्टी सोलली. एक थर, दुसरा, तिसरा. मोडलेल्या मनगटानं वेळ लागला. खाली बटण होतं, त्यावर गाडीचं बारीकसं चित्र आणि आत वळलेला बाण. त्यांनी ते दाबलं.

'दोनच मिनिटं,' काका म्हणाले. 'मी मोजतो.' आणि ते मोजायला लागले. मोठ्यांदा, सावकाश, एक, दोन, तीन, जशी मुलं लपंडावाला मोजतात. साठ झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं. काच स्वच्छ होती. ट्रक पुढच्या चौकात उजवीकडे वळून गेला तरी ते मोजतच होते. दुसरे साठही संपत आले. काकूंचं बोट बटणावरच होतं.

'सोडलंस?' काकांनी विचारलं.

'सोडलं,' काकू म्हणाल्या.

शाळेकडे जायला मला डावीकडे वळायचं होतं. मला डावीकडचं नीट दिसेना, काच स्वच्छ असूनही. हाताला दोरा कुठं लागेना. मी सवयीनं उजवी दांडी खाली ओढली, आणि लख्ख उन्हात, कोरड्या काचेवर, वाइपर सुरू झाले.